उन्हाच्या उतारावरच्या शहाण्णव फुल्या

ज्या एका गोष्टीसाठी चार माणसं तुम्हाला मानतात, नेमक्या त्याच गोष्टीत तुम्ही तोंडावर आपटलात, आणि ते फक्त तुम्हालाच दिसलं, तर काय कराल? घाई करू नका. अशा प्रश्नाला पटकन दिलेलं उत्तर बहुतेक वेळा खोटं असतं. झाकणताईनेही पटकनच दिलं होतं.

झाकणताई पाणीखात्यात मीटर वाचते. अठरा वर्षं झाली. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर, हातात हातभर लांबीचा लोखंडी हूक. प्रत्येक घराबाहेर फरशीत एक लोखंडी झाकण असतं, त्याखाली खड्ड्यात मीटर. हूक अडकवायचा, झाकण उचलायचं, ओणवं होऊन आकडे वाचायचे, लिहायचे, झाकण जागेवर, पुढचं घर. दिवसाला दीडशे झाकणं. कंबर कामातून गेली, पण नजर अशी तयार झाली की झाकण उचलायच्या आधीच घराची हकीकत कळायची. कडेची माती सैल असेल तर घर नांदतं आहे. कडेला माती बसून तिचा दगड झाला असेल, हुकाने दोनदा हिसका दिला तरी झाकण हलत नसेल, तर घर रिकामं. नळ वापरात नाही, मीटर फिरत नाही. रजिस्टरात फुली मारायची आणि पुढे व्हायचं. अठरा वर्षांत आपली एकही फुली चुकली नाही, हे ती स्वतः सांगायची. कुणी विचारलेलं नसताना.

स्वभावाने तापट. शिक्षण जेमतेम, पण अर्ज असा लिहायची की वाचणाऱ्या साहेबाला चष्मा काढून पुसावा लागे. गल्लीत पाणी आलं नाही की बायका खात्यात जायच्या आधी तिच्याकडे यायच्या, आणि तिला ते आवडायचं. का आवडू नये? ज्यांना कुणी कधी खुर्ची दिली नाही, त्यांना चार माणसांनी उभं राहून ऐकलं की छाती फुगतेच.

कोळ्यांचं वेड लागलं ते सात वर्षांपूर्वी. गावाच्या टोकाला पंपघर आहे, जुन्या विटांची बसकी इमारत. तिच्यामागे पाण्याची मोठी टाकी, आणि टाकीच्या दोन अंगांना मातीचे दोन उतार. एक कायम सावलीत, दुसऱ्यावर दिवसभर ऊन. एका संध्याकाळी रजिस्टर जमा करायला गेली, तर कारकून जागेवर नाही. वैतागून ती सावलीच्या उतारापाशी टेकली. समोर वीतभर अंतरावर नाण्याएवढी माती अलगद वर उचलली गेली. खालून दोन पायांची टोकं बाहेर आली. एक मुंगळा तिथून चालला होता, तो होता आणि मग नव्हता. माती परत माती झाली.

दुसरं कुणी असतं तर डोळे चोळून उठलं असतं. पण जिचा अर्धा जन्म झाकणं उचलण्यात गेला, तिच्यासमोर एक झाकण आपणहून उघडलं म्हटल्यावर ती कशी उठणार? कारकून येऊन गेला, दिवे लागले, ही तिथेच.

पुढची दोन वर्षं तिने या झाकणकोळ्यांच्या मागे काढली. वाचनालयातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. कॉलेजातल्या प्राध्यापकांना पत्रं लिहिली. पहिल्या तीन पत्रांना उत्तर आलं नाही. चौथं तिने भांडणानेच सुरू केलं, त्याला आलं. आणि बाकीचं ती सावलीच्या उतारावर पोट टेकवून शिकली.

हा कोळी जाळं विणून लटकत नाही. तो जमिनीत बोटभर रुंदीचं बीळ खणतो, आतून रेशमाचं अस्तर लावतो, आणि तोंडाला मातीचं झाकण बसवतो. वरच्या बाजूला रेशमाची बिजागरी, कडा आत निमुळत्या केलेल्या, बाटलीच्या बुचासारख्या. झाकणावर आजूबाजूचंच शेवाळ, आजूबाजूचाच पाचोळा. सरळ वरून बघाल तर जन्मात दिसायचं नाही. ऊन तिरपं असताना, गाल मातीला लावून, बाजूने बघायचं. अर्धचंद्रासारखी केसाएवढी रेघ दिसली की थांबायचं. उतार हवा, माती घट्ट हवी, पावसाचं पाणी वरून वाहून जाणारं हवं, साचणारं नको. मोठ्या झाकणाभोवती बारीक मणी फेकल्यासारखी इवली झाकणं दिसली, तर ती आईशेजारी घर केलेली पोरं. मादी एकदा बीळ खणते ते मरेपर्यंत तेच, वीस वर्षंही राहते. वाढेल तसं बीळ रुंद करते, झाकणाला कड जोडत जाते. मोठी मादी घराबाहेर काढून दुसरीकडे ठेवली, तर तिला नवं घर बांधणं बहुतेक वेळा जमत नाही.

आणि घरात कुणी आहे की नाही, हे कसं ओळखायचं? झाकणाच्या कडेला सुई घालून हलकेच वर करायचं. आत कुणी असेल तर ते खालून झाकण धरून ओढतं. झाकणाच्या खालच्या अंगाला दातांच्या दोन बारीक खाचा असतात, त्यात दात रुतवून, पाय भिंतीला टेकून ती एवढीशी बाई अशी ताकद लावते की सुई वाकते. ही ओढ पहिल्यांदा बोटाला जाणवली तेव्हा झाकणताईच्या अंगावर काटा आला होता. तोवर एवढी झाकणं उचलली, आतून कुणी कधी धरलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी सावलीच्या उतारावर फरशी घालून गाड्या लावायला जागा करायचं खात्याने ठरवलं. ती हूक घेऊन उतारावर बसली ती तीन दिवस हलली नाही. स्वतःच्याच खात्याविरुद्ध. साहेब ओरडले, ती दुप्पट ओरडली. शेवटी फरशी रद्द झाली, वर्तमानपत्रात फोटो आला, शाळा सहली घेऊन येऊ लागल्या. झाकणताई हे नाव तेव्हा पडलं आणि तिने ते पदवीसारखं मिरवलं.

घरी मात्र पदवीची किंमत वेगळी. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत मशीन टाकून बसतो. सासू शेजारी पाटावर बसून काजं करते, बटणं लावते, डोळ्यांपेक्षा बोटांच्या भरवशावर.

"गावातली सगळी झाकणं हिला पाठ," नवरा गिऱ्हाइकाला सांगायचा. "आमच्या साखरेच्या डब्याचं तेवढं चार वर्षं सापडत नाही."

"ते तुम्हीच हरवलंय," ती आतून म्हणायची.

"ऐकलंत? मोजणी पक्की आहे."

तर असं सगळं बरं चाललेलं असताना नवीन मोठ्या नळाचं काम निघालं. टाकीच्या एका बाजूचा उतार कापल्याशिवाय नळ जाणार नव्हता. कुठला उतार, हा प्रश्न होता. नवे इंजिनियर साहेब वयाने लहान, समजूतदार. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क खुर्ची दिली.

"ताई, नळ तर टाकावा लागणार. पण मला तुमच्याशी भांडायचं नाही. तुम्हीच दोन्ही उतार मोजा. जिथे तुमचे कोळी नाहीत, तिथे कापू. तुम्ही लिहून द्याल ते अंतिम."

तुम्ही लिहून द्याल ते अंतिम. एवढं वाक्य तिने घरी जाताना किती वेळा मनात म्हटलं असेल, त्याची मोजणी कुणी ठेवली नाही.

उन्हाळा भरात होता. पहिले चार दिवस सावलीचा उतार. झाकणं एकशे चाळीस, त्यातली एकशे बावीस आतून ओढ देणारी. मग उन्हाचा उतार. तिथे माती करपून भाकरीसारखी तडकलेली. झाकणं निघाली शहाण्णव, पण एकही हलेना. सुई कडेत शिरेना. जिथे शिरली तिथे ओढ नाही, नुसता दगड. कडेची माती घट्ट बसलेली, रेघसुद्धा बुजत आलेली. तिने नेहमीच्या सवयीने दोनदा हिसका दिला, नाही हललं की वहीत फुली. दोनदा हिसका, फुली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शहाण्णव फुल्या झाल्या.

पंपघराची बाग बघणारे माळीकाका त्या वेळी रबरी नळी गुंडाळत होते. तीस वर्षं तिथेच, पंपघराला लागून असलेल्या खोलीत एकटे राहतात. बोलणं कमी. साहेब, ठेकेदार आणि दोन कारकून उतार बघायला आले होते, आणि झाकणताई त्यांना वही दाखवत होती.

काका जवळ येऊन म्हणाले, "ताई, ती रिकामी नाहीत. आतून लावून घेतली आहेत."

"म्हणजे?"

"उन्हाळ्याचं लावून घेतात. दरवर्षी."

"मग सावलीकडची का नाही लावत?"

"तिकडे टाकीचं पाणी पाझरतं. माती ओली राहते. इकडे..."

तिने वही मिटली. साहेब बघत होते, ठेकेदार बघत होता. तिच्या जागी तुम्ही असतात तर? सात वर्षं पोटावर सरपटून जे मिळवलं, ते नळी गुंडाळणारा माणूस येता जाता दुरुस्त करतोय.

"काका, तुम्ही गुलाब बघा," ती म्हणाली. "झाकणांचं मी बघते. अठरा वर्षं तेच करतेय."

ठेकेदार हसला. कारकून हसले. साहेबांनी हसू दाबलं. काकांनी मान डोलावली, नळी उचलली आणि गेले. तिने तिथेच, वही गुडघ्यावर ठेवून, सही केली: उन्हाचा उतार रिकामा.

शनिवारी सकाळी खोदायचं मशीन आलं, पण काम सुरू व्हायला साडेअकरा वाजले. साहेबांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं, समोर उभं केलं होतं. मशीनच्या लोखंडी पंजाने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि उतार आतून उघडा पडला.

कापलेल्या मातीतून पांढरे पायमोजे लोंबत होते. रेशमाचे, बोटभर रुंद, हातभर लांब. काही फाटलेले, काही अख्खे. ती पुढे झाली. अगदी जवळच्या एका मोज्याचं तोंड झाकणासकट निघालं होतं. झाकणाला आतून रेशमाचा जाड थर, त्याखाली मातीचा गोळा ठासून बसवलेला. दार घट्ट लावून, वर आडणा घातल्यासारखं. आणि खाली, फाटलेल्या टोकाशी, काळी तकतकीत मादी, पाय जवळ घेऊन. तिच्या पाठीमागे पिवळसर, तीळ सांडल्यासारखी पोरं. ती पोरं हलत होती.

झाकणताईला ऐकू येणं बंद झालं असं नाही. उलट सगळं नको इतकं स्पष्ट ऐकू येत होतं. मशीनवाल्याने इंजिन मंद केलं. साहेब चार पावलांवर उभे होते. त्यांनाही काहीतरी पांढरं दिसलं.

"ताई, हे काय? ही जुनी बिळंच ना?"

त्या क्षणी जवळजवळ सगळा उतार उभा होता. एक शब्द पुरला असता. थांबा, एवढाच. शाळेतलं पोर म्हणू शकतं असा शब्द.

"जुनीच," ती म्हणाली. "चालू द्या."

आणि ती अशी उभी राहिली की मागचं साहेबांना दिसू नये. होय, पदर सावरायचं निमित्त करून अंगाचा आडोसा केला. कुणाचा बचाव करत होती, हे तिला तेव्हाही कळत होतं. मशीनने इंजिन वाढवलं. पुढची वीस मिनिटं एकेक घास पडत राहिला, ती प्रत्येक घासाला माती बघत होती आणि चेहरा सरळ ठेवत होती. मग बारा वाजले. शनिवारचा अर्धा दिवस. मशीनवाला खाली उतरला, उरलेलं सोमवारी म्हणाला. उरलं होतं एक तृतीयांश.

माणसं पांगली तेव्हा तिला दिसलं, मातीच्या ढिगाऱ्यावर माळीकाका उकिडवे बसले होते. हातात पत्र्याचा डबा. मातीत बोटं घालून काहीतरी उचलून डब्यात ठेवत होते. त्यांनी वर बघितलं नाही. ती मागच्या दाराने निघून गेली.

घरी गेल्यावर तिने रांजणातलं पाणी तीन वेळा प्यायलं. ताट वाढलं, झाकून ठेवलं.

"काय गं, सत्कार झाला का?" नवऱ्याने मशीनवरून विचारलं. "साहेबाने हार घातला?"

"गप्प बसा जरा."

"हार लहान पडला वाटतं."

"गप्प बसा म्हटलं ना." आवाज असा चढला की पुढच्या खोलीतलं गिऱ्हाईक माप अर्धवट टाकून उठलं. नवऱ्याने पाय थांबवला. मशीन गप्प झालं.

सासूने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "कुणी बोललं का तुला?"

"नाही, आई."

"मग तूच कुणाला बोललीस."

ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. सासूचं असं होतं, डोळे गेले होते पण निशाणा शाबूत होता.

रविवारी तिने दिवसभर कपाट आवरलं. फोटोचं कात्रण काचेखाली होतं, ते काढून वहीत घातलं, वही कपड्यांखाली ठेवली. मनात हिशेब मांडत बसली की गप्प राहिलं तर काय होईल. उत्तर सोपं होतं. काहीच होणार नाही. सोमवारी उरलेलं कापलं जाईल, नळ टाकला जाईल, वर माती येईल. साहेब तिला खुर्ची देत राहतील. शाळा सहली आणत राहतील. जगात दोनच जीवांना कळलेलं असेल, ती आणि माळीकाका, आणि काका बोलत नाहीत. हे तिला इतकं सोयीचं वाटलं, की त्या सोयीचीच शिसारी आली. चार वाजता चपला घातल्या आणि ती पंपघरावर गेली.

काकांच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, खुंटीला एक शर्ट. खिडकीखाली ओळीने अकरा कुंड्या. कुंड्यांत झाडं नव्हती. घट्ट दाबलेली माती, तिच्यात बोटाने केलेली तिरपी भोकं.

"अकरा मिळाल्या," काका म्हणाले. "चारेक जगतील. बसा."

ती बसली नाही. "काका, तुम्हाला कसं माहीत होतं?"

"बघतो ना. नळी त्या उतारापर्यंत पोचत नाही. दरवर्षी वाईट वाटतं, माती सुकते म्हणून. माती सुकली की या लावून घेतात. जमीन भिजली की आठ दिवसांत उघडतात. पोरं बाहेर येतात, वरच्या बाजूला चढतात."

"मला कधी सांगितलं नाहीत."

काकांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, जरा आश्चर्याने. "सांगितलं की. सगळ्यांसमोर."

तिला वाटलं जमिनीने आपल्याला गिळावं, पण जमिनीला तरी कुठल्या तोंडाने सांगणार? तरीही तिने एक शेवटची पळवाट धरून बघितली. ही गोष्ट तिने पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितली, म्हणून इथे लिहिता येतेय, नाहीतर काकांनी कधीच सांगितली नसती.

"काका, उद्या तुम्ही साहेबांना सांगा. तुम्हाला आज ढिगाऱ्यात सापडल्या म्हणून सांगा. माझं नाव नको."

काका कुंडीतल्या मातीवर पाणी शिंपडत होते. दोन बोटं बुडवून, थेंबथेंब.

"माझं ऐकलं असतं तर मागच्याच आठवड्यात ऐकलं असतं," ते म्हणाले. "तुमचं ऐकतात. फुली तुमची आहे, ताई. ती तुमच्याच हाताने खोडली जाईल."

सोमवारी सकाळी आठला मशीन सुरू व्हायचं होतं. ती सात वाजता साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसली. ठेकेदार आधीच आला होता, चहा पीत होता.

"काय ताई, आज इतक्या लवकर? उरलेल्यालाही फुल्या मारायच्या का?"

ठेकेदाराने कप खाली ठेवला. ही बाई टोमणा ऐकून गप्प बसते, हे त्याने पहिल्यांदाच बघितलं होतं.

साहेब आले. ती आत गेली, ठेकेदारही मागोमाग गेला. दोन कारकून दारात. तिला हवं होतं की ते जावेत, आणि कुणीच गेलं नाही. साहेबांनी खुर्चीकडे हात केला, ती उभीच राहिली.

"साहेब, उन्हाचा उतार रिकामा नव्हता. कोळी जिवंत होते. उरलेल्या भागात एकतीस झाकणं आहेत, तिथेही असणार. काम थांबवा."

"हे कधी कळलं?"

"शनिवारी. पहिल्या दोन घासांतच."

"शनिवारी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही जुनी बिळं म्हणालात."

"खोटं बोलले."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं, ओरडणाऱ्यांशी कसं वागायचं ते तिला येत होतं.

"का?" त्यांनी विचारलं.

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय."

ठेकेदार खाकरला. "साहेब, मग सावलीकडचे एकशे बावीस तरी कशावरून खरे? तिथेही यांचीच मोजणी आहे. चार वर्षांपूर्वी फरशी रद्द केली तीही यांच्याच सांगण्यावरून."

हे मात्र तिच्या हिशेबात आलं नव्हतं. रविवारभर ती आपल्या नावाची मोजदाद करत बसली होती, आणि तिच्या नावावर फक्त ती उभी नव्हती. सावलीचा अख्खा उतार उभा होता. तिच्या एका 'जुनीच'मुळे तोही हलला. तिची जीभ नेहमीच्या जागी गेली, ठेकेदाराला सुनावायला, पण सुनावायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. तो माणूस रास्त बोलत होता. नको त्या माणसाने रास्त बोलणं यासारखा दुसरा मार नाही.

"दोन्ही उतार परत मोजा," ती म्हणाली. "मी सोडून कुणीही मोजा. माळीकाकांना विचारून मोजा. त्यांनी मागच्या आठवड्यात इथल्या सगळ्यांसमोर खरं सांगितलं होतं, मी त्यांना हसण्यावारी नेलं. तेही लिहून घ्या."

"ते कशाला लिहायचं?"

"लिहा, साहेब. नाहीतर मी परत मोठी होईन."

काम एक महिना थांबलं. नळाची वाट उरलेल्या तुकड्याला वळसा घालून नेता येते का, ते बघायचं ठरलं. साहेबांनी तिला पुढे बऱ्याच दिवसांत खुर्ची दिली नाही, आणि ते योग्यच होतं. गल्लीतल्या बायका अर्ज लिहायला यायच्या त्या कमी झाल्या. कुणी मुद्दाम काही बोललं नाही. झाकणताई म्हणतानाच आवाज जरा बदलायचा, एवढंच. घरी नवऱ्याने महिनाभर डब्याचं नाव काढलं नाही, आणि हे तिला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

ती मोजणीला गेली, पण सुई हातात घेतली नाही. प्राध्यापकांनी दोन विद्यार्थिनी पाठवल्या होत्या. काका पुढे, पोरी मागे, आणि झाकणताई सगळ्यात शेवटी, वही धरून. काका सांगतील ते लिहायचं. पावसाने जमीन भिजली आणि आठव्या दिवशी उरलेल्या एकतीसपैकी अठ्ठावीस झाकणांच्या कडा सैल झाल्या. एका पोरीने सुई घातली आणि आतून ओढ बसली तशी ती हसली. "ताई, बघा ना, धरलं." झाकणताईने बघितलं. मग वहीत अठ्ठावीस लिहिलं आणि वही बराच वेळ तोंडासमोर धरून ठेवली. नळाने वळसा घेतला. काकांच्या कुंड्यांतल्या अकरापैकी तीन जगल्या.

पासष्ट झाकणं गेली. प्रत्येकात मादी होती असं धरू नका, पण सहा रिकामी होती असं धरलं तरी एकोणसाठ होतात, आणि त्यातली बरीचशी त्या वीस मिनिटांत गेली. वीस मिनिटांचा हा भाग ती शाळेच्या सहलीलाही सांगते. एका मास्तरीणबाईंनी एकदा तिला बाजूला घेऊन म्हटलं, मुलांसमोर कशाला. ती म्हणाली, मग कुणासमोर?

मोजणी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ऊन तिरपं असताना होते. दोन उतार, हजारो पावलं, आणि गाल मातीला लावायची तयारी असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तुमचा एक रविवार द्या. सोबत जुने कपडे आणि बारीक सुई आणा. झाकण हललं नाही तर ओरबाडू नका, काकांना हाक मारा. आणि कपाळाला माती लागलेली, वही धरून मागे मागे चालणारी एक बाई तुम्हाला तिथे भेटेल. ती आपणहून सगळं सांगेल. ऐकून घ्या, पण कृपा करून तिला 'जाऊ द्या हो, होतं असं' म्हणू नका.